वाढत्या अंगाचे माप : नागपुरातील एका सायकल-पोशाख कंपनीचा प्रकरण अभ्यास

नागपुरात सायकलस्वारांसाठी जर्सी आणि शॉर्ट्स शिवणारी एक लहान कंपनी आहे. आपल्याच शहरातील स्वारांशी असलेल्या तिच्या घरोब्यामुळे तिच्या मालातला एक दोष जवळजवळ वर्षभर झाकलेला राहिला. तो दोष कसा उघडकीस आला आणि त्यानंतर कंपनी व स्वार यांच्यातील व्यवहार कसा बदलला, याचा हा वृत्तान्त आहे. कंपनीच्या मालक भावंडांच्या इच्छेप्रमाणे कंपनीचे आणि सर्व संबंधितांचे नाव येथे वगळले आहे. मी या कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे आणि दोष माहीत असूनही गप्प बसलेल्यांपैकीही एक आहे, त्यामुळे हे लेखन तटस्थ निरीक्षकाचे नाही. मालकांनी विक्रीचे रजिस्टर, परत आलेले कपडे आणि तक्रारींची वही मला मोकळेपणाने पाहू दिली. खालील मजकूर त्यांच्या आणि माझ्या स्वतःच्या अनुभवाच्या आधारे लिहिला आहे.

गणवेशापासून जर्सीपर्यंत

या भावंडांच्या वडिलांचे इतवारीत शालेय गणवेशाचे दुकान होते. नागपूर हे कापडाचे जुने शहर आहे. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये येथे एम्प्रेस मिल सुरू केली, हलबा कोष्टी विणकरांचे हातमाग तिच्या आधीपासून चालत होते, आणि गिरण्यांचे भोंगे थांबल्यावरही इतवारी व गांधीबागेचा कापडबाजार टिकून राहिला. गणवेशाचा धंदा मात्र एकाच हंगामाचा असतो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून एप्रिलपासून जुलैपर्यंत मशीनला उसंत नसते आणि उरलेले आठ महिने कारागीर कशाच्या बळावर टिकवायचे, ही दरवर्षीची विवंचना असते. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा बंद राहिल्या आणि तो एक हंगामही हातचा गेला. त्याच काळात व्यायामशाळाही बंद होत्या, लोक सायकलीकडे वळले, आणि फुटाळ्याच्या काठावर, सेमिनरी हिल्सच्या चढावर, काटोल रोडवर पहाटे सायकलींची रांग दिसू लागली. धाकटा भाऊ त्या रांगेत होता. आपल्या बारा जणांच्या चमूसाठी बाहेरगावाहून मागवलेल्या जर्सी मापात बसल्या नाहीत, तेव्हा त्याने बंद पडलेल्या कारखान्यातल्या दोन मशीन झाडून पुसून सुरू केल्या. कंपनीची सुरुवात ही एवढीच.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे वेड नागपूरला त्याआधीच लागलेले होते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने, मुदतीच्या आत पूर्ण केली, आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची टप्प्याटप्प्यांची शर्यतही पूर्ण केली; तेव्हापासून येथल्या डॉक्टर, शिक्षक, बँक कर्मचारी अशा नोकरदार माणसांनाही रात्रभर सायकल चालवणे ही आपल्या आवाक्यातली गोष्ट वाटू लागली. या मंडळींच्या बोलण्यात ‘बीआरएम’ हा शब्द सतत असतो; ठरलेले लांब अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पार करण्याचा हा उपक्रम. पॅरिसमधील ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार जगभर होणाऱ्या या उपक्रमात क्रमांक काढले जात नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात, आणि हे चारही पल्ले एका हंगामात पूर्ण करणाऱ्यास ‘सुपर रँदोनर’ म्हणतात. या प्रकरणात हे अंतर आणि हे तास महत्त्वाचे आहेत, कारण फुटाळ्याच्या दोन फेऱ्यांत जो कपडा उत्तम वाटतो तो चौदाव्या तासाला तसाच वाटेल याची खात्री नसते.

कंपनीजवळ स्वतःचे काय होते

जर्सीवरची छपाई सबलिमेशनने होते. कागदावर उलटी छापलेली शाई हीट प्रेसखाली सुमारे २०० अंश सेल्सिअसला वायुरूप होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. कापडावर रंगाचा थर बसत नाही म्हणून हवा खेळती राहते, आणि स्क्रीन बनवावी लागत नसल्याने दहा जर्सींचे काम घेणेही परवडते. हे तंत्र आज कोणत्याही शहरात मिळते. कंपनीचे कापड सुरत आणि लुधियानाहून येते, शॉर्ट्समधील फोमचे पॅड तयारच विकत घ्यावे लागतात, आणि नागपूरजवळ बुटीबोरीला पॉलिस्टर धाग्याचा मोठा कारखाना असला तरी कंपनीला लागणारे लायक्रामिश्रित कापड बाहेरूनच आणावे लागते. मोठ्या कारखान्यांच्या तुलनेत कंपनीचा दर कधीच कमी असणार नव्हता. ज्यांच्यासाठी शिवायचे ती माणसे आठवड्यातून तीनदा कारखान्यासमोरून सायकलने जातात, एवढी एकच गोष्ट तिच्याजवळ होती जी बाहेरच्या कोणाजवळ नव्हती.

ती गोष्ट कंपनीने मनापासून जपली. आमच्या सायकलस्वारांच्या समूहाची वर्षाची जर्सी ती ना नफा ना तोटा या दराने शिवून देत असे, समूहाचे काम पाहणाऱ्या सात-आठ जणांना शॉर्ट्स भेट मिळत, आणि प्रत्येक बीआरएमच्या शेवटच्या ठिकाणी कंपनीच्या टेबलावर तर्री पोहे आणि चहा असे, ज्याचा खर्च मोठा भाऊ कोणालाही सांगत नसे. उन्हाळ्यात आमच्या सांगण्यावरून कंपनीने मानेवरून कानापर्यंत ओढता येईल असा पातळ कपडा शिवला, कारण नागपुरात दुपट्ट्याने डोके-तोंड बांधल्याशिवाय मे महिन्यात घराबाहेर पडायचे नसते हे कोणत्याही तयार नमुन्यात लिहिलेले नव्हते. या शहराच्या तापमानाने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश गाठले होते आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ते ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. एवढ्या मोठ्या फरकात सायकल चालवणाऱ्यांच्या गरजा त्या भावंडांना पाठ होत्या. जाळीदार जर्सीतून पाठ भाजते, हे आम्ही सांगितले आणि पुढच्या खेपेला खांद्यावरची जाळी निघून गेली. त्यामुळे हे नाते उत्तम चालले आहे अशी त्यांची समजूत होती, आणि आमचीही होती.

वर आपली, खाली दुसऱ्याची

डिसेंबरमध्ये सिवनीच्या पुढे जाऊन परत येणारी ३०० किलोमीटरची बीआरएम होती. मनसर सोडल्यावर हा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो, वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून तेथे रस्ता काही ठिकाणी उंच खांबांवरून नेला आहे, आणि रात्री त्या पट्ट्यात थंडी अशी झोंबते की थांबण्यापेक्षा चालवत राहणे बरे वाटते. कंपनीच्या टेबलावर त्या रात्री पहिल्यांदाच कटिंग मास्तर आले होते. मास्तर साठीच्या घरातले, तीस वर्षे गणवेश कापलेले, आणि सायकलीशी त्यांचा संबंध कारखान्यात येण्या-जाण्यापुरता. येणाऱ्या प्रत्येक स्वाराला चहा देताना त्यांची नजर शिंप्याच्या सवयीने कपड्यावर जात होती. कंपनीच्या शॉर्ट्सच्या उजव्या मांडीवर एक केशरी पट्टी असते, त्यामुळे ती दुरूनही ओळखू येते. मध्यरात्र उलटून गेल्यावर ते मोठ्या भावाजवळ आले आणि म्हणाले, “वरून आपली हाय, खालून दुसऱ्याची हाय.”

कंपनीची जर्सी घालून आलेल्या एकतीस जणांपैकी फक्त नऊ जणांनी कंपनीची शॉर्ट्स घातली होती, असे मास्तरांनी मोजले होते. दुसऱ्या दिवशी रजिस्टर काढले तेव्हा त्या एकतीसपैकी सव्वीस जणांनी ती विकत घेतलेली किंवा भेट म्हणून मिळालेली निघाली. म्हणजे सतरा जणांनी घरी असलेली शॉर्ट्स लांब पल्ल्यासाठी घरीच ठेवली होती. त्यांत मी एक होतो. मोठ्या भावाने एकेकाला फोन केले तेव्हा बहुतेकांनी आधी विषय टाळला, आणि मग एकाने जे सांगितले ते थोड्याफार फरकाने सगळ्यांचेच होते: “आपल्याच माणसाले असं कसं सांगाव, भाऊ?”

त्रास काय होता ते येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या संकोचानेच तो वाढवला. शंभर किलोमीटरनंतर पॅड आपल्या जागेवरून सरकत असे, त्याच्या कडेची शिवण मांडीच्या आतल्या बाजूस घासत असे, आणि दीडशेच्या पुढे तेथे कातडी सोलली जाई. मिनिटाला ऐंशी फेऱ्या याप्रमाणे चौदा तास पायडल मारले तर प्रत्येक मांडी ६७,२०० वेळा वर-खाली होते; शिवणीचा एखादा उंचवटा बोटाला जाणवतही नाही, पण एवढ्या फेऱ्यांत तो कानशीसारखे काम करतो. एका स्वाराने मागच्या हंगामात ४०० किलोमीटरची बीआरएम याच कारणाने अर्ध्यावर सोडली होती आणि गुडघा दुखल्याचे सांगितले होते. मी स्वतः ३०० किलोमीटरनंतर चार दिवस नीट बसू शकलो नव्हतो, आणि त्याच आठवड्यात कारखान्यात गेलो असता शॉर्ट्स कशी आहे या प्रश्नाला ‘एकदम मस्त’ असे उत्तर दिले होते.

मास्तरांनी शोधलेले कारण

परत मागवलेल्या शॉर्ट्स मास्तरांनी उसवून टेबलावर पसरल्या. पॅड हलक्या प्रतीचे होते हा दोषाचा एक भाग झाला. कमी घनतेचा फोम काही तासांत दबतो, आणि मग बैठकीची हाडे थेट सॅडलवर टेकतात. परंतु पॅड सरकण्याचे कारण फर्म्यात, म्हणजे ज्यावरून कापड कापतात त्या नमुन्यात होते, आणि ते मास्तरांच्या हाताच्या जुन्या सवयीतून आलेले होते. गणवेश नेहमी वाढत्या अंगाचा कापला जातो. जूनमध्ये घेतलेली पँट मार्चपर्यंत पुरावी म्हणून कंबरेत शिवण राखायची, खाली दोन इंच कापड आत दुमडायचे, बसताना-उठताना ताण पडू नये म्हणून मागे सैल ठेवायचे. ज्या शिंप्याचा गणवेश वर्षभर पुरतो त्यालाच पालक पुन्हा येतात. सायकलच्या शॉर्ट्सला मात्र हाच गुण मारक ठरतो. कापड कातडीला चिकटून राहिले तरच पॅड कातडीबरोबर हलते आणि घर्षण होत नाही. कापड सैल असले की पॅड एकीकडे आणि शरीर दुसरीकडे जाते.

दुसरी गोष्ट अशी की मास्तर उभ्या माणसाचे माप घेत होते. स्वार कंबरेतून पुढे वाकलेला असतो, त्यामुळे मागचा भाग ताणला जाऊन कमी पडतो आणि पुढे कापडाचा गोळा होतो. हे लक्षात आल्यावर धाकट्या भावाने घरचा ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याचा सांगाडा, कारखान्यात आणून त्यावर सायकल बसवली, आणि मास्तरांनी स्वाराला सायकलवर बसवून, हँडलवर हात ठेवायला सांगून टेप लावली. तीस वर्षांत आपण बसलेल्या माणसाचे माप घेतले नव्हते, असे ते मला म्हणाले. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने जुना फर्मा फाडला. मी तेथे होतो, आणि मला ते पाहवले नाही, कारण तो फर्मा त्यांनी आम्हाला विचारून विचारूनच केला होता आणि आम्ही प्रत्येक वेळी मान डोलावली होती.

आता प्रश्न हा की एवढे जवळचे लोक वर्षभर गप्प का राहिले. माझ्या मते याची तीन कारणे होती आणि त्यांतली पहिली दोन कंपनीच्या चांगुलपणातूनच आलेली होती. भेट मिळालेल्या वस्तूची तक्रार करणे आपल्याकडे असभ्य समजले जाते, आणि समूहात ज्यांच्या शब्दाला वजन होते त्या सात-आठ जणांनाच भेट मिळालेली होती. ते बोलत नाहीत म्हटल्यावर नव्याने आलेल्या मुलाला वाटे की दोष आपल्याच बसण्यात असावा. तक्रार ऐकायला समोर मालक स्वतः असे, तोही रात्री एक वाजता गरम पोहे हातात देत. अशा माणसाला तुमच्या कपड्याने मांडी सोलली हे सांगणे कठीण असते. आणि तिसरे म्हणजे त्रास शरीराच्या अशा भागाचा होता की पुरुष मंडळी तो आपसातही हसण्यावारी नेत. बाहेरच्या अनोळखी कंपनीकडून घेतलेली शॉर्ट्स असती तर यांतल्या प्रत्येकाने दुसऱ्याच दिवशी ती परत केली असती.

व्यवहार कसा बदलला

पुढील तीन महिन्यांत भावंडांनी जे निर्णय घेतले त्यांत पहिला निर्णय सर्वांत अप्रिय ठरला. समूहातील कोणालाही यापुढे काहीही फुकट मिळणार नाही, आणि वर्षाच्या जर्सीवर माफक का होईना नफा घेतला जाईल, असे मोठ्या भावाने एका रविवारी सगळ्यांसमोर सांगितले. त्याचे म्हणणे असे होते की ज्याने पूर्ण पैसे मोजले आहेत तोच माझ्याशी भांडेल, आणि मला भांडणारा माणूस हवा आहे. काहींना हे पटले, काहींना ते उपकार फेडून घेतल्यासारखे वाटले. त्या वर्षी समूहाच्या जर्सीचे काम थोड्या कमी दराने दुसऱ्या शहरातील कारखान्याकडे गेले. कंपनीच्या दृष्टीने ते मोठे नुकसान होते, कारण हिवाळ्याच्या तोंडावर कारागिरांना काम देणारी तीच एक मोठी ऑर्डर असे.

दुसरा बदल वहीचा. कारखान्याच्या दारात, मालकांच्या खोलीपासून दूर, मास्तरांच्या टेबलावर एक नोंदवही ठेवली गेली. प्रत्येक शॉर्ट्सच्या आत कंबरपट्टीवर एक आकडा छापलेला असतो. तक्रार करणाऱ्याने नाव लिहायचे नाही, फक्त तो आकडा, किती किलोमीटर झाले आणि काय झाले एवढे लिहायचे. आकड्यावरून कापडाचा गठ्ठा, पॅडचा प्रकार आणि शिवणारा कारागीर कळतो. मास्तर दर शनिवारी नोंदी वाचतात आणि दुरुस्ती झाली की शेजारी सही करतात. पहिल्या महिन्यात वहीत एकही ओळ आली नाही. मग मास्तरांनी स्वतः उसवलेल्या जुन्या शॉर्ट्सपैकी एक, दोषाच्या जागी लाल दोऱ्याने खुणा करून, वहीच्या वर खिळ्याला टांगली. त्यानंतर नोंदी येऊ लागल्या.

नव्या पॅडची निवडही याच रीतीने झाली. तीन वेगवेगळ्या घनतेचे पॅड एकाच फर्म्याच्या, दिसायला सारख्या शॉर्ट्समध्ये बसवले, कोणत्या आकड्यात कोणते पॅड आहे हे फक्त मास्तरांना ठाऊक ठेवले, आणि पंधरा स्वारांना त्या अर्ध्या किमतीत दिल्या. किंमत घेतलीच, कारण फुकट दिल्या असत्या तर पुन्हा ‘एकदम मस्त’ हेच उत्तर आले असते. सर्वांत जाड आणि हाताला मऊ लागणारे पॅड, जे दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक दाबून पसंत करतो, ते लांब पल्ल्यावर सर्वांत वाईट ठरले. त्यात घाम साठून राहत होता आणि वजनाने ते खाली ओढले जात होते. मधल्या जाडीचे पण जास्त घनतेचे पॅड निवडले गेले, त्याची कड पातळ करून फ्लॅटलॉक शिवणीने सपाट बसवली गेली, आणि शिवण मांडीच्या आतल्या बाजूवरून हटवून मागे नेली गेली.

महिलांचे माप

या सगळ्यात जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती वहीमुळे बाहेर आली, आणि वहीशिवाय ती कधीच बाहेर आली नसती. एका नोंदीत फक्त एवढे लिहिले होते की महिलांची शॉर्ट्स म्हणून जी विकली जाते ती पुरुषांचीच लहान मापाची आहे. ते खरे होते. महिलांच्या बैठकीच्या हाडांमधील अंतर साधारणपणे अधिक असते, पॅडचा मागचा भाग रुंद आणि पुढचा आखूड लागतो. कंपनी दोघांनाही एकच पॅड लावत होती. त्याहून मोठी अडचण मापाची होती. समूहातील महिला मापासाठी येतच नसत, कारण टेप मास्तरांच्या हातात असे आणि कारखान्यात दिवसभर पुरुषांची वर्दळ असे. त्या अंदाजाने आकार सांगून मोकळ्या होत.

मोठ्या बहिणीने, जी तोवर फक्त हिशेब पाहत होती, शनिवारी दुपारी मागच्या खोलीत स्वतः माप घेण्यास सुरुवात केली आणि मास्तरांकडून सायकलवर बसलेल्या शरीराचे माप घ्यायला शिकून घेतले. तेथे आलेल्या महिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून आम्ही पुरुष स्वार अवाक झालो. काटोल रोडवर किंवा कळमेश्वरच्या पुढे गावातल्या टपरीवर चहाला थांबायचे असते तेव्हा घट्ट शॉर्ट्समध्ये उतरणे त्यांना नकोसे होई, म्हणून कित्येकजणी पन्नास-साठ किलोमीटर न थांबता, पाणीही बेताने पिऊन चालवत. उन्हाळ्यात असे करणे धोक्याचे आहे. यावर उपाय म्हणून बहिणीने सैल ट्रॅक पँटच्या आत घालता येईल अशी पॅड लावलेली पातळ चड्डी आणि गुडघ्याखाली जाणारी, खिसे असलेली पँट तयार करवली. आज कंपनीच्या विक्रीत या दोन वस्तूंचा वाटा मोठा आहे, आणि त्या घेणाऱ्यांत अशा पुष्कळजणी आहेत ज्या कधी बीआरएमला आलेल्या नाहीत. त्या नोकरीला, शिकवणीला, बाजारहाटाला सायकलने जातात. माझ्या समजुतीप्रमाणे कंपनीचे शहराशी असलेले खरे नाते येथून रुंदावले.

त्याच सुमारास हिंगणा रोडवरील एक गोष्टही घडली, तिचा उल्लेख थोडक्यात करतो. पहाटे आम्ही ज्या रस्त्याने चमकत्या पट्ट्या आणि दिवे लावून जातो त्याच रस्त्याने एमआयडीसीतले कामगार आणि दूधवाले साध्या सायकलींवरून अंधारात जातात. नागपूर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ उपक्रमात निवडलेल्या अकरा शहरांत होते, परंतु त्या रस्त्यावर अंधारात पुढची सायकल दिसणे अजूनही नशिबावर असते. मास्तर स्वतः तसेच येत-जात होते. जर्सीतून उरलेल्या परावर्ती पट्टीच्या तुकड्यांपासून त्यांनी दंडावर आणि कॅरिअरवर बांधता येतील असे पट्टे शिवले, आणि कारखान्याच्या दारात ते पाच रुपयांना मिळू लागले. फुकट दिले तर लोक खिशात ठेवून देतात, हा त्यांचा अनुभव होता.

माझे मतभेद

कंपनीने जे केले त्यातील एक गोष्ट मला आजही पटलेली नाही. दोष सापडल्यावर भावंडांनी नागपुरातील प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला आणि शॉर्ट्स बदलून दिली, आणि हे त्यांनी मनापासून केले यात शंका नाही. परंतु वर्धा, चंद्रपूर, अमरावती येथे ऐकीव माहितीवर मागवलेल्या शॉर्ट्सची संख्याही लहान नव्हती. त्या गिऱ्हाइकांची नावे रजिस्टरमध्ये अपुरी होती, आणि त्यांच्यासाठी जाहीर लेखी निवेदन कधीच काढले गेले नाही. मोठ्या भावाचे म्हणणे असे की जाहीर निवेदनाने उभा राहू पाहणारा धंदा बसला असता आणि अकरा कारागिरांचे घर अडचणीत आले असते. ही भीती खोटी नव्हती. तरीही जो स्वार चंद्रपूरला एकटा सायकल चालवतो, ज्याला समूह नाही आणि मास्तरांच्या टेबलापर्यंत ज्याचा हात पोहोचत नाही, त्याला सर्वांत उशिरा कळले किंवा कळलेच नाही. जवळच्यांना मिळणारा न्याय दूरच्याला मिळाला नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे, आणि वर्षभरापूर्वी मी ते सांगू शकलो नसतो.

समूहाच्या बाबतीत मला आमचाही दोष दिसतो. जर्सीची ऑर्डर दुसरीकडे देण्याचा निर्णय पैशांच्या हिशेबाने झाला असे आम्ही म्हणत होतो, पण बैठकीत बोलणाऱ्यांत आधी भेट घेणारेच पुढे होते. बाहेरून आलेल्या त्या जर्सी चार महिन्यांत पाठीवरच्या शिवणीत पांढऱ्या दिसू लागल्या. सबलिमेशनचा रंग ताणलेल्या कापडाच्या खालच्या पांढऱ्या धाग्यापर्यंत पोहोचलेला नसला की असे होते. काही जर्सींच्या पुढच्या चेनही (झिप) अडकू लागल्या. त्या चेन आमच्याच कंपनीने, ठरलेली मजुरी घेऊन, एकही शब्द न बोलता बदलून दिल्या. पुढच्या वर्षीची जर्सी पुन्हा त्यांच्याकडे गेली, नफ्यासहित लावलेल्या दराने.

सध्या

बीआरएमच्या टेबलावर तर्री पोहे अजूनही असतात, पण आता त्यांचा खर्च नोंदणी शुल्कातून निघतो आणि कंपनीकडून फक्त मास्तर येतात, सुई-दोरा, कात्री आणि जर्सीच्या काही चेन घेऊन. मध्यरात्री थकून आलेला माणूस त्यांच्यासमोर उभा राहून कोठे टोचते ते न लाजता सांगतो, कारण मास्तर टेबलाच्या कडेला चष्मा सावरत शिवण पाहत असतात आणि चेहऱ्याकडे त्यांचे लक्ष नसते. मालक भावंडे हल्ली मुद्दाम येत नाहीत.

वहीचा तिसरा भाग सुरू झाला आहे. मी गेल्या शनिवारी गेलो तेव्हा शेवटची नोंद मागच्या मधल्या खिशाबद्दल होती. ४०० किलोमीटरनंतर पाण्याची बाटली आणि मोबाइल यांच्या वजनाने जर्सी मागे लोंबते आणि पुढून गळ्याशी आवळते, असे कोणीतरी निळ्या शाईत लिहिले होते. मास्तरांनी त्याखाली पेन्सिलने एक आडवी रेघ आणि तिच्या टोकाला दोन टाके काढून पाहिले होते, आणि मग ते खोडले होते. सहीची जागा रिकामी होती.